अर्ध्या तांदळाएवढा टाका

“कुणाला पटणार न्हाई, पण मी या स्टुलावरून न उठता हैदराबादला जाऊन आलो!” शिलाई मशीनचं चाक हातानं थोपवत खाजामियाँ टेलरनं भाचीला सांगितलं. बहीण बिलकीस वारल्यावर तिची कहकशां औशाहून लातूरच्या दुकानात आज पहिल्यांदाच आली होती. पोरीनं काही विचारायच्या आत तिला हसवायचं, एवढंच म्हाताऱ्याच्या मनात होतं.

“फेकू नका, मामू.”

“अगं, टाका असतो अर्ध्या तांदळाएवढा, अडीच मिलिमीटर. चारशे टाक्यांचा मीटर, चार लाखांचा किलोमीटर. शर्टाला पाच हजार टाके, दिवसाला पाच शर्ट, अन चाळीस वर्षं हेच करून राहिलो. लाव हिशोब!”

कहकशांनं मोबाइल काढला. गुणाकार-भागाकार करता करता तिला खरंच हसू फुटलं. “या अल्ला! हैदराबादला जाऊन आलात, मामू. वर सोलापूरला जाण्याएवढे टाके उरतात!”

खाजामियाँचा जीव भांड्यात पडला. “मग? मामू कधी खोटं बोलतो का?”

कहकशां मोबाइलकडं बघत राहिली. तिचं हसू हळूहळू विरलं.

“सोलापूरच्या वाटेवरच औसा लागतं, मामू,” ती म्हणाली. “अम्मी अंथरुणाला खिळलेली असताना तुम्ही फोनवर दर वेळी म्हणायचात, औसा लई लांब पडतंय. ते खोटं होतं.”