समुद्रातला पिनकोड

आमच्या कुरिअर ऑफिसातल्या इंजिनिअरनं पुन्हा अकलेचे तारे तोडले. नकाशावरचा बिंदू दिला की सॉफ्टवेअर जवळचे पिनकोड दाखवतं. या महाभागानं अक्षांश-रेखांश उलटे टाकले आणि बिंदू भर समुद्रात पाडला.

"तरी एक पिनकोड आलाच, साहेब."

"का, मासे पार्सलं मागवतात वाटतं?"

त्याला बाजूला सारून मी आमच्या ऑफिसचाच बिंदू टाकला, नीट. यादीत सगळ्यात वर तोच समुद्रातला पिनकोड होता. अंतर चाळीस मीटर. पुन्हा बटण दाबलं. दहा.

"भिकार सॉफ्टवेअर!" म्हणत मी हात मागे घेतला.

आकडा तरीही उतरत राहिला. तीन. एक. शून्य.

आम्ही दोघं मूर्खासारखे दाराकडे बघत राहिलो. तेवढ्यात पाठीमागे माझी रिकामी खुर्ची करकरली.