भूक मारणारी पट्टी

सोमीने नाचणीची पेज पुढे केली, तशी तिच्या लहानग्या काशीने मान फिरवली. "भूक नाय, आये."

पोषण आहार बंद होऊन दंडावर भूक मारणारी पट्टी आल्यापासून पाड्यावरची सगळीच पोरं असं म्हणत होती. हातापायांच्या काड्या झाल्या, तरी एकही रडत नव्हतं.

सोमी तणतणत कचेरीत गेली. "साहेब, आहार परत सुरू करा."

"कशाला? भुकेची एक तक्रार नाही," साहेब स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले.

सोमीच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या सकाळी पाड्यातल्या बायकांनी पोरांच्या पट्ट्या ओरबाडून काढल्या आणि पोरांना कचेरीत आणून बसवलं. दुपारी तिथे एकच आकांत उसळला.

काशीला छातीशी धरून सोमी म्हणाली, "रड, बाय. अजून मोठ्यानं रड."