काळा रोल

लेकीने टीव्हीचा रिमोट जुन्या डिजिटल कॅमेऱ्यासमोर धरला आणि बटण दाबलं. रिमोटच्या टोकाला डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र पांढरा ठिपका लुकलुकला.

"बघा बाबा, आपल्याला न दिसणारा उजेड याला दिसतो. म्हणजे इन्फ्रारेड फोटो निघणार. फिल्टर तेवढा हवा, तो कॅमेऱ्यापेक्षा महाग. पण धुतलेल्या रंगीत फिल्मचा पार काळा तुकडाही चालतो म्हणे. साधा उजेड अडतो, हा आरपार जातो. तुमच्याकडे असेल ना?"

चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेल्या माणसाकडे तो असणारच. तुकडा कसला, अख्खा रोल होता. पण समोर त्याची बहीण पेपर वाचत बसली होती, आणि रोल तिच्याच लग्नाचा होता.

बत्तीस वर्षांपूर्वी त्याने घाईघाईत, फिल्म परत गुंडाळायची विसरून, भर उन्हात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं होतं. ऊन लागलेली फिल्म लॅबमध्ये धुतल्यावर सगळी काळी निघाली. गावभराची लग्नं टिपणाऱ्याने घरचंच लग्न घालवलं आणि खापर लॅबवाल्याच्या डोक्यावर फोडलं. त्यानंतर बहीण फोटोला म्हणून कधी उभी राहिली नाही. कुणी कॅमेरा काढला की तिला गॅसवरचं दूध आठवायचं.

"सगळं फेकून दिलं गं," असं तो म्हणणार होता. जीभ रेटेना. उठून त्याने कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातला रोल लेकीपुढे धरला.

"हा घे." मग बहिणीकडे न बघताच म्हणाला, "तुझ्या लग्नाचा आहे. लॅबवाल्याने नाही घालवला. झाकण मी उघडलं होतं."

बहिणीने पेपराची घडी केली. "माहीत आहे. त्याने घालवला असता तर तू त्याच्याशी भांडला असतास. तू तर त्याच्या पोरांचे फोटो फुकट काढून दिलेस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते, दादा."

त्याला इतकी लाज वाटली की तो डब्याचं झाकण उगाच लावत आणि काढत बसला.

लेकीने दोन तुकडे कापून एकावर एक ठेवले आणि काळ्या चिकटपट्टीने भिंगावर बसवले. अंगणात स्टुलावर कॅमेरा ठेवला. "झाडाची पानं पांढरी येतात. खाली कुणीतरी बसायला हवं. आठ सेकंद अजिबात हलायचं नाही."

बहिणीने चपला घातल्या आणि ती झाडाखाली जाऊन बसली.

"हसू का?"

"हस, आत्या. पण मग तशीच राहा."

तो मोठ्याने आकडे मोजू लागला.

लेकीने कॅमेरा नेऊन आत्याच्या हातात दिला. झाड चुन्यात बुचकळून काढल्यासारखं पांढरं आलं होतं. खाली बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर सुरकुतीचा मागमूस नव्हता.

"या उजेडात सुरकुत्या उतरत नाहीत," लेक म्हणाली.

बहिणीने चष्मा कपाळावर सरकवला. बराच वेळ ती त्या तरण्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग कॅमेरा तिने भावाकडे दिला आणि केस सारखे केले.

"रोलात छत्तीस फोटो असायचे ना, दादा? अजून पस्तीस राहिले."