टॅक्स कापण्याचा अर्ज
‘पेन्शनीतून इन्कम टॅक्स कापावा’ असा अर्ज सुर्वे गुरुजींनी ट्रेझरीच्या खिडकीतून आत सरकवला. आतला कारकून त्यांचाच जुना विद्यार्थी. “गुरुजी, तुमची पेन्शन टॅक्स लागण्याइतकी नाही. यातून काय कापू?” “पाच रुपये तरी काप रे.” गुरुजी खिडकीशी वाकले. “शेजारचे पेन्शनर भाटकर रोज मांडवीच्या धक्क्यावर चारचौघांत कुरकुरतात, ‘सरकार माझा भरमसाट टॅक्स कापतं.’ मग मला विचारतात, ‘तुमचा किती कापला?’ मी समुद्राकडे बघत बसतो.” कारकुनाने इकडेतिकडे पाहून टेबलाचा खण उघडला आणि पिवळा पडलेला अर्ज पुढे धरला. हीच विनंती, खाली भाटकरांची लफ्फेदार सही. “त्यांचीही पेन्शन तेवढी नाही, गुरुजी.” गुरुजींनी आपला अर्ज परत घेऊन खिशात घातला. संध्याकाळी धक्क्यावर भाटकरांनी विचारलं, “तुमचा किती कापला?” गुरुजींनी समुद्राकडे न बघता सांगितलं, “तुमच्याएवढाच.”