श्वासाची जागा

सिंथेसायझरच्या फिल्टरचं बटण त्याने केसभर फिरवलं. खर्जाचा सूर हवा तसा दाट झाला. पण यंत्राच्या सोळा घरांत भरलेले सोळा सूर पुन्हा पुन्हा फिरत राहिले, तरी धून काही जिवंत होईना. उद्या संध्याकाळी ती मित्रांना ऐकवायची होती.

दारात वडील उभे होते. लग्नांच्या बँडमध्ये खर्जाचं भलंमोठं पितळी वाद्य फुंकण्यात त्यांची उमर गेली होती.

“तुझा हा वाजवणारा मध्ये श्वास कधी घेतो रे?”

“बाबा, यंत्र आहे हे. याला कुठली आलीय छाती?”

“त्याला नसेल, ऐकणाऱ्याला आहे ना!” ते हसले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.

त्याने सातवं घर रिकामं केलं. त्या क्षणभराच्या शांततेतून पुढचा सूर असा उसळून आला, की त्याच्या अंगावर काटा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी धून संपताच मित्रांनी खोली डोक्यावर घेतली. “ती मधली थांबायची जागा, यार! सुचली कशी तुला?”

वडील मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांचं नाव त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण इतके डोळे एकदम आपल्याकडे वळलेले पाहून बोलायला सर्वांत सोपं तेच तो बोलून गेला. “अशीच… सुचली.”

पुन्हा टाळ्या झाल्या. बाकीचे थांबल्यावरही वडील टाळ्या वाजवतच राहिले. मान वर करून त्यांच्याकडे बघणं त्याला काही जमलं नाही.