वाक्यात उपयोग

“पुढचं कार्ड!” उल्काने टाळी वाजवली. “युफेमिझम झालं, आयरनी झाली. आता व्होकॅब.”

रविवारची दुपार. अमेरिकेत, अल्फारेटातल्या उल्काच्या किचनमध्ये तिची मुलगी निधी आणि निधीची मैत्रीण मैत्री समोरासमोर बसल्या होत्या. दोघी दहावीत, इंग्लिशच्या एकाच वर्गात. टेस्ट सोमवारी. उल्का प्रत्येक शब्दाचं असं नाटक करून दाखवायची की मैत्री टेस्टच्या आधी हट्टाने इथेच यायची. तिला न्यायला आलेली तिची आई, अंजना, काउंटरपाशी उभी होती. उल्काने आग्रहाने हातात दिलेल्या बटाटेवड्याचा तिने नुकताच घास घेतला होता.

कार्डावर शब्द होता, ‘परायाह’. निधीला येईना. उल्काने कार्ड उलटवून वाचलं. समाजाने बाहेर टाकलेला माणूस. खाली बारीक अक्षरांत शब्दाचं मूळही दिलं होतं, एका तमिळ जातीचं नाव.

“अगं, सोप्पं आहे! आपल्याकडे गावाबाहेर राहायचे ना ते, मेलेली गुरं ओढणारे! काय वास यायचा म्हणे अंगाला! माझी आजी तर नुसती सावली पडली तरी डोक्यावरून पाणी घ्यायची.”

उल्काने दोन बोटांनी नाक दाबलं, दुसऱ्या हाताने नसलेल्या लुगड्याचा घोळ उचलला आणि चवड्यांवर उड्या मारत फ्रिजपर्यंत गेली. निधी खिदळली.

अंजनाच्या तोंडातला घास तोंडातच फिरत राहिला. तिचे आजोबा गुरं ओढत. जेवणाआधी ते कोपरापर्यंत हात राखेने घासायचे, लाल होईपर्यंत. घासाचा तेलकट, बुळबुळीत गोळा झाला. तिने तो पेपर नॅपकिनमध्ये टाकला आणि नॅपकिन मुठीत दाबून धरला.

उल्काला काही माहीत नव्हतं. आडनावावरून कळत नव्हतं आणि अंजनाने नऊ वर्षांत कळू दिलं नव्हतं. महिन्यातून एकदा बुद्धवंदनेला जायचं असलं की ती ‘मेडिटेशन क्लास’ म्हणून सांगायची. मैत्रीलाही जातीबद्दल तिने कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं. मोठी झाली की सांगू, असं ती आणि तिचा नवरा प्रितम दरवर्षी ठरवायचे.

“मैत्री, तू! वाक्यात उपयोग!”

मैत्रीने आईकडे पाहिलं. मग ती हसली, निधीपेक्षाही मोठ्याने, आणि झटक्यात इंग्रजीत वाक्य म्हणून मोकळी झाली. त्या परायाहच्या शेजारी कोणी बसेना, कारण त्याला घाण वास येत होता.

“परफेक्ट!” उल्काने तिला टाळी दिली.

अंजनाला उल्काची किळस आलीच होती, आता पोटच्या पोरीची आली. मैत्रीचे दात, हलणारे खांदे, टाळी द्यायला पुढे केलेला हात, काहीच तिला बघवेना.

“चल,” ती म्हणाली. “उशीर होतोय.”

“अगं, पाच कार्डं राहिलीत!”

“घरी करेल ती.”

पहिल्या सिग्नलनंतर अंजनाने गाडी लायब्ररीच्या पार्किंगमध्ये वळवली आणि बंद केली. मैत्रीकडे न बघताच ती बोलली.

“ज्यांना वास येत होता ना, ते माझे आजोबा. तुझे पणजोबा. आपण तेच लोक आहोत, मैत्री. आणि तू हसलीस. शी! तोंड बघवत नाहीये मला तुझं.”

मैत्री सीटबेल्टचं बक्कल अंगठ्याने चोळत राहिली.

“आय नो, आई,” ती म्हणाली. “मिडल स्कूलपासून माहितीये. तुम्ही सांगत नव्हता, सो मीच शोधून वाचलं.”

“माहीत होतं? मग हसलीस कशी?”

“उल्का काकू तुझ्याकडे वळणार होती. तुझा चेहरा असा झाला होता की तिला लगेच कळलं असतं. तिने माझ्याकडेच बघावं, म्हणून हसले.”