लाल गाडीचे ब्रेक

“ब्रेकचं काम शिवशंकर करील,” उस्ताद म्हणाले. “तू त्या टेम्पोचा क्लच घे.”

वैजनाथने मान हलवली आणि पाना जरा जोरातच ट्रेमध्ये टाकला. चौदा वर्षं झाली होती त्याला शेषेराव उस्तादांच्या गॅरेजात. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारे नांदेडात दोघेच, एक उस्ताद आणि दुसरा वैजनाथ, असं गिऱ्हाइकं म्हणत. वैजनाथला ते मान्य होतं. पहिल्या नावाबद्दल तेवढी अलीकडे शंका येई.

आणि हा शिवशंकर! मूळचा रेणापूरचा, लातूरच्या शोरूममधून तीन महिन्यांपूर्वी आलेला, शर्टाला डाग पडू नये म्हणून जपणारा. त्याच्या हाती लाल गाडी?

लाल गाडी उस्तादांच्या मुलाची, बालाजीची. वीस वर्षांपूर्वी कंपनीने खास वेगासाठी म्हणून थोड्याच काढल्या होत्या, त्यातली. सात वर्षांपूर्वी दसऱ्याला बालाजी तिच्यातून माहूरला देवीच्या दर्शनाला निघाला आणि घाटात अपघातात गेला. गाडीत दोष नाही, वेग फार, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. बालाजीचा वेग सगळ्यांना ठाऊक होता, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही. गाडी ताडपत्रीखाली गेली.

आता ती बाहेर काढली होती दीपालीसाठी. ती बालाजीची बायको; तिला किनवटच्या आश्रमशाळेत नोकरी लागली होती आणि तिने सासऱ्याकडे एकच मागणं केलं, जाईन तर त्याच गाडीने. पत्रा, इंजिन, गिअर सगळं वैजनाथनेच उभं केलं. राहिले ब्रेक. त्या मॉडेलचे पार्ट आता कुठेच मिळत नव्हते. मग उस्तादांनी त्याच कंपनीच्या नव्या गाडीचे मोठे डिस्क नि कॅलिपर मागवले. मधली एक पट्टी बदलली आणि पाइप थोडा वळवला की जुन्या गाडीला ते नीट बसतात. शिवशंकर हे लातूरहून शिकून आला होता, आणि ते सांगायची संधी तो सोडत नसे.

वैजनाथच्या पोटात दुखत होतं ते मात्र वेगळ्याच कारणाने. सात वर्षांत उस्तादांनी त्याला एकाही गाडीच्या ब्रेकला हात लावू दिला नव्हता. इंजिन घे, क्लच घे. ब्रेक म्हटलं की उस्ताद स्वतः बसत. आता त्यांचे गुडघे गेले, तर पान या कालच्या माणसाला वाढलेलं! या गाडीचे आधीचे ब्रेक बसवले होते कुणी? वैजनाथनेच ना?

तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. गॅरेजची रीत अशी की नट चेल्याने हाताने लावायचा, पान्याने घट्ट करून शेवटचा आवळा उस्तादांनी द्यायचा आणि त्यावर कुंकवाचं बोट टेकवायचं. लाल बोट दिसलं की चाक चढवायचं. बालाजीला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, घाई होती. ब्रेकच्या तेलाच्या पाइपाचा नट हाताने लावून वैजनाथ जेवायला उठला, परत आला तो बोट लागलेलं होतं. त्याने चाक चढवलं, गाडी पुसून चकचकीत केली. बालाजी गेल्यावर उस्तादांनी कुंकू बंद केलं आणि पिवळ्या रंगाचा डबा आणला. आणि आज सकाळी तो डबा त्यांनी शिवशंकरच्या हातात दिला. शेवटचा आवळासुद्धा त्याचाच.

दुपारी शिवशंकर जेवायला गेला. लाल गाडी जॅकवर होती, चाकं अजून चढवली नव्हती. वैजनाथ खाली वाकला. शोधून शोधून थकला, पण खोट सापडेना. सगळं चोख होतं, आणि त्यानेच त्याचा जास्त जळफळाट झाला.

त्याने पाना लावला आणि पाइपाचा नट ढिला करून ठेवला. ट्रायलला गाडी गॅरेजच्या आवारातच फिरणार, तेल गळणार, पेडल खाली जाणार. कुणाला काही होणार नव्हतं. शिवशंकरचं नाक कापलं जाईल, बस.

“काय करून राहिला रे?”

काठी टेकत उस्ताद मागे उभे होते.

“तपासून राहिलो, उस्ताद. नवा माणूस हाय.”

उस्ताद कष्टाने खाली बसले. त्यांनी नट बोटांत धरला. तो फिरला.

“हाव, केला म्या ढिला!” वैजनाथला आवरलं नाही. “चौदा वरसं राबलो. माझ्या हातात काय खोट हाय? सात वरसं ब्रेकपाशी येऊ दिलं न्हाई, अन् काल आलेल्याला बालाजीची गाडी देता?”

उस्तादांनी त्याच्या हातातून पाना घेतला आणि नट आवळला. बराच वेळ आवळत राहिले.

“घाटात गाडीपाशी पयला मी पोचलो होतो,” ते म्हणाले. “असाच बोटानं फिरत होता.”

“कसा फिरंल? तुमच्या हातचं कुंकू होतं की त्याच्यावर! म्या सोता बघितलं.”

“त्या दिवशी म्या गाडीला हातच लावला न्हवता.”

गॅरेजमागच्या घरातून केवळाबाईंनी नवऱ्याला जेवायची हाक मारली. “आलो, आलो,” उस्ताद मोठ्याने म्हणाले आणि मग त्यांनी आवाज खाली आणला.

“खंडेनवमी होती, वैजनाथ. तिनं साऱ्या हत्यारांची पूजा केली, अन् चाक उघडं दिसलं म्हणून पोराच्या गाडीला बी तिथंच, त्या नटावर कुंकवाचं बोट टेकवलं. पोलीस यायच्या आत म्या तो नट आवळून टाकला. तिला अजून ठाऊक न्हाई, म्हणून तुला बी कधी बोललो न्हाई.”